पुढची साथ आली तर कोण काय करतं? सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिल्ह्याच्या आरोग्य खात्यात आरोग्यसेवक म्हणून लागलो आणि आरोग्य सहाय्यक म्हणून निवृत्त झालो. कोविडची दोन वर्षं नोकरीतच काढली. त्यानंतर शाळा, महिला मंडळं, विडी कारखाने, यंत्रमागाच्या शेड, जिथं बोलायला गेलो तिथं लोकांनी चिठ्ठ्या दिल्या, नाहीतर रात्री फोन केले. तेच प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय. एका उत्तरात आलेलं दुसऱ्यात पुन्हा लिहिलेलं नाही, त्या प्रश्नाचा आकडा दिला आहे.

१. पुढची महामारी कधी येणार यावर लक्ष ठेवणारी एखादी सरकारी संस्था आहे का?

एकच अशी नाही. ती साखळी आहे, आणि तिची पहिली कडी तुमच्या वस्तीतल्या आशाताई. आशाताईंकडून आरोग्यसेविकेकडं, तिथून प्राथमिक आरोग्य केंद्राकडं, मग जिल्हा सर्वेक्षण कक्ष, पुण्यातला राज्य सर्वेक्षण कक्ष आणि शेवटी दिल्लीचं राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र, म्हणजे एनसीडीसी. एनसीडीसीकडून गरज पडल्यास जिनिव्हाच्या जागतिक आरोग्य संघटनेला कळवलं जातं.

या साखळीचं सरकारी नाव एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम. तो २००४ साली सुरू झाला. १९९४ च्या सुरतच्या प्लेगनं आपली नोंद ठेवण्याची पद्धत किती तोकडी आहे हे देशाला दाखवलं होतं. आधी आठवड्याचे कागदी तक्ते जायचे. तीन तक्ते असत: आरोग्यसेविका लक्षणांवरून भरायची तो, डॉक्टर निदानाच्या अंदाजावरून भरायचे तो आणि प्रयोगशाळेनं पक्कं केलेल्या रुग्णांचा. एप्रिल २०२१ पासून हीच माहिती देशभर एकाच ऑनलाइन मंचावर भरतात.

साथ कधी येणार हे कोणीच सांगू शकत नाही. आलेली साथ लवकर ओळखणं एवढंच हातात असतं, आणि ती दिल्लीला दिसण्याआधी कुंभारीच्या विडी घरकुलात किंवा करमाळ्याच्या वाडीवर दिसते. माझं सगळं सांगणं याच मुद्द्याभोवती फिरतं, हे आधीच सांगून ठेवतो.

२. आयसीएमआर, एनसीडीसी, एनआयव्ही ही नावं टीव्हीवर ऐकली. यात फरक काय?

एनसीडीसी पाळत ठेवते आणि पथकं पाठवते. मुळात ती मलेरियावर काम करणारी संस्था होती. १९६३ मध्ये तिचं रूपांतर संसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय संस्थेत झालं आणि २००९ मध्ये आजचं नाव मिळालं. तिथं २००८ पासून एक कक्ष रोज वर्तमानपत्रं आणि वाहिन्या चाळतो. ‘अमुक गावात वीस जणांना उलट्या’ अशी चार ओळींची बातमी दिसली की जिल्ह्याला विचारणा होते. गावच्या वार्ताहराची बातमी साथ पकडून देऊ शकते, हे पुष्कळांना माहीत नसतं.

आयसीएमआर, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, संशोधन करते. ती १९११ पासून वेगळ्या नावानं होती, १९४९ मध्ये आजचं नाव आलं. एनआयव्ही, म्हणजे राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, ही आयसीएमआरचीच. १९५२ मध्ये पुण्यात स्थापन झाली. निपाहसारख्या अतिघातक विषाणूंवर काम करता येईल अशी सर्वोच्च सुरक्षा पातळीची प्रयोगशाळा तिच्याकडं आहे. भारतातला पहिला कोविड रुग्ण जानेवारी २०२० मध्ये केरळात सापडला, त्याचा नमुना इथंच तपासला गेला. नागपूरजवळच्या चांदीपुरा गावाच्या नावानं ओळखला जाणारा विषाणूही याच संस्थेनं १९६५ मध्ये शोधला. पुणे आपल्यापासून अडीचशे किलोमीटर. देशातल्या फार कमी जिल्ह्यांना एवढी जवळीक मिळते.

३. सोलापुरात हे काम नेमकं कोणाकडं? सिव्हिल, जिल्हा परिषद की महापालिका?

शहराच्या हद्दीत महापालिकेचे आरोग्य अधिकारी आणि त्यांची नागरी आरोग्य केंद्रं. अकरा तालुक्यांच्या ग्रामीण भागात जिल्हा परिषदेचे जिल्हा आरोग्य अधिकारी, त्यांच्या हाताखाली तालुका आरोग्य अधिकारी आणि प्राथमिक आरोग्य केंद्रं. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयं जिल्हा शल्यचिकित्सकांकडं.

सिव्हिलचं जरा वेगळं आहे. आपण ज्याला सिव्हिल म्हणतो ते श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे, त्यामुळं ते वैद्यकीय शिक्षण विभागाखाली येतं, सार्वजनिक आरोग्य विभागाखाली नाही. लोकांना हा घोळ वाटतो, आणि कधी कधी तो घोळ होतोही. म्हणूनच आणीबाणीत सगळ्यांना एका टेबलावर बसवायला जिल्हाधिकारी लागतात. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ प्रमाणे ते जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात आणि जिल्हा परिषदेचे अध्यक्ष सहअध्यक्ष. २०२५ च्या दुरुस्तीनं महापालिका असलेल्या शहरांसाठी स्वतंत्र नागरी प्राधिकरण नेमण्याची मुभा राज्यांना दिली आहे.

४. आमच्या बोळात एकदम पाच-सहा जणांना जुलाब लागलेत. हे कळवायचं कोणाला आणि कळवलं तर काय म्हणतील?

आशाताईंना सांगा, नाहीतर आरोग्यसेविकेला, नाहीतर थेट दवाखान्यात. कोणीच भेटलं नाही तर १०४ या आरोग्य हेल्पलाइनवर फोन करा. रुग्ण गंभीर असेल तर आधी १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा, बाकीचं नंतर.

चार गोष्टी सांगितल्या तरी पुरे: किती जण, कधीपासून, कोणत्या घरांत, आणि या सगळ्यांत सारखं काय. एकाच बोअरचं पाणी? एकाच लग्नातलं जेवण? आजाराचं नाव तुम्ही सांगायची गरज नाही. चूक निघाली तरी कोणी रागावणार नाही, रागावूही नये.

नोकरीची पहिली काही वर्षं असतानाची गोष्ट. पावसाळा होता. एका वाडीवर दोन घरांत जुलाब सुरू असल्याचं एका म्हातारीनं मला वाटेत थांबवून सांगितलं. मला वाटलं, पावसाळ्यात होतंच. पुढच्या फेरीला बघू म्हणून मी निघून गेलो. चौथ्या दिवशी गेलो तेव्हा सतरा जण आजारी होते, आणि गावातल्या खासगी डॉक्टरांच्या ओट्यावर सलाइनच्या बाटल्या दोरीला टांगलेल्या होत्या. विहिरीत गटाराचं पाणी शिरलं होतं. कोणी दगावलं नाही. पण त्या म्हातारीनं मला वेळेवर सांगितलं होतं, आणि मी चार दिवस वाया घालवले. त्यानंतर ‘होतंच’ हा शब्द मी नोकरीत कधी वापरला नाही.

जगभर आता ७-१-७ असं एक उद्दिष्ट मानतात: साथ सुरू झाल्यापासून सात दिवसांत ओळखायची, एका दिवसात वर कळवायची, पुढच्या सात दिवसांत पहिली सगळी कारवाई पूर्ण करायची. यातले पहिले सात दिवस कुठल्याही खात्याच्या हातात नसतात. ते त्या म्हातारीच्या हातात असतात.

५. कळवल्यावर पुढं काय होतं? पथक येतं म्हणजे कोण येतं?

आधी खातरजमा होते. मग जलद प्रतिसाद पथक येतं. त्यात साथरोगाचे जाणकार, डॉक्टर, प्रयोगशाळेचा माणूस आणि रोगानुसार कीटकतज्ज्ञ किंवा पशुवैद्यक असतात. ते घरोघर फिरून लाइन लिस्ट करतात: नाव, वय, घर, लक्षणं कधी सुरू झाली, काय खाल्लं-प्यायलं. त्या यादीवरूनच बोट विहिरीकडं जातं की जेवणाकडं, हे कळतं. शौचाचे, रक्ताचे किंवा घशाच्या स्रावाचे नमुने शीतसाखळीत ठेवून पाठवतात. पाण्याचे नमुने वेगळे जातात. पाणी शुद्ध करायची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर किती टाकली, नळाच्या शेवटच्या टोकाला क्लोरीन उरतं का, हे ओटी टेस्टनं, म्हणजे पाण्यात थेंब टाकून येणाऱ्या रंगावरून, जागेवरच पाहतात. शेवटच्या घरातल्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन हवं.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण अचानक वाढले तेव्हा हेच झालं. केंद्राचं पथक आलं, एनआयव्हीनं नमुने तपासले, काही रुग्णांच्या शौचात कॅम्पायलोबॅक्टर हा जिवाणू सापडला आणि लक्ष पाण्याकडं गेलं. एवढ्या अवघड नावाच्या आजाराचा शोधही शेवटी नळापाशीच येऊन थांबला.

६. साथ, महामारी आणि जागतिक आणीबाणी, यांत फरक काय? कोण जाहीर करतं?

एखाद्या ठिकाणी नेहमीपेक्षा जास्त रुग्ण दिसले की उद्रेक, तो पसरला की साथ, अनेक देशांत पसरली की महामारी किंवा जागतिक साथ. आपल्या आज्या पटकीलाच, म्हणजे कॉलराला, महामारी म्हणायच्या आणि मरीआईचा गाडा गावाच्या वेशीबाहेर नेऊन सोडायच्या.

जागतिक आरोग्य आणीबाणी जाहीर करण्याचा अधिकार जागतिक आरोग्य संघटनेच्या महासंचालकांना आहे. तो आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावली, २००५ मधून येतो, आणि ही नियमावली २००७ पासून लागू आहे. कोविडची आणीबाणी ३० जानेवारी २०२० ला लागली, ५ मे २०२३ ला उठली. ११ मार्च २०२० ला संघटनेनं कोविडला ‘महामारी’ म्हटलं, पण तेव्हाच्या नियमावलीत त्या शब्दाला कायदेशीर वजन नव्हतं. २०२४ मध्ये केलेल्या दुरुस्त्यांनी ‘महामारी आणीबाणी’ ही वेगळी पायरी आणली. त्या सप्टेंबर २०२५ मध्ये लागू झाल्या.

देशावरही बंधन आहे. संशयास्पद घटनेचं मूल्यमापन ४८ तासांत करायचं, आणि ती गंभीर ठरली तर २४ तासांत जिनिव्हाला कळवायचं. भारताकडून हे काम एनसीडीसी करते.

७. आता महामारी करार झालाय म्हणे. म्हणजे उद्या जागतिक आरोग्य संघटना सोलापुरात लॉकडाऊन लावणार का?

नाही. करार मे २०२५ मध्ये मंजूर झाला, आणि त्यात स्पष्ट लिहिलंय की कोणत्याही देशाला लॉकडाऊन लावा, लस सक्तीची करा किंवा प्रवास बंद करा असं सांगण्याचा अधिकार संघटनेला नाही. भर आहे तो विषाणूंचे नमुने आणि त्यांतून बनणाऱ्या लशी-औषधं देशांमध्ये न्याय्यपणे वाटण्यावर. लॉकडाऊन कोण लावतं ते प्रश्न ८ मध्ये.

८. २०२० चा लॉकडाऊन कोणत्या कायद्यानं लावला होता? पुढंही तसंच होईल का?

दोन कायद्यांनी. देशभरचा लॉकडाऊन २५ मार्च २०२० पासून आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली लागला. त्याआधीच महाराष्ट्रानं साथरोग कायदा, १८९७ लागू केला होता.

हा दुसरा कायदा आपल्याच मातीतला, पण त्याची आठवण कडू आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, पुढच्या वर्षी हा चार कलमांचा कायदा आला. त्याच वर्षी पुण्यात घराघरात शिरून झालेल्या तपासण्यांनी लोक संतापले, आणि २२ जून १८९७ ला चापेकर बंधूंनी प्लेग कमिशनर रँडवर गोळ्या झाडल्या. त्याच काळात मुंबईत डॉ. हाफकिन प्लेगची लस बनवत होते आणि पहिली सुई त्यांनी स्वतःला टोचून घेतली होती. सक्ती आणि विश्वास, दोन्ही रस्ते एकाच वर्षी एकाच प्रांतात दिसले. कोणत्या रस्त्यानं लोक पुढं आले हे मी प्रत्येक प्रशिक्षणात सांगायचो.

२०२० मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली. आरोग्य कर्मचाऱ्यावर हल्ला केल्यास तीन महिने ते पाच वर्षं कैद, गंभीर दुखापत केल्यास सहा महिने ते सात वर्षं. पण विलगीकरणात माणसाचे हक्क कोणते, त्याला जेवण कोण देणार, मजुरी बुडाली तर काय, याबद्दल हा कायदा गप्पच आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये नीती आयोगाच्या तज्ज्ञ गटानं नव्या सार्वजनिक आरोग्य आणीबाणी कायद्याची शिफारस केली. तो यायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

९. माझं मंगल कार्यालय २०२० मध्ये क्वारंटाइन सेंटरसाठी घेतलं होतं. पुन्हा घेऊ शकतात का? भाडं मिळतं का?

घेऊ शकतात. आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ६५ नुसार जागा, वाहनं आणि इतर साधनं ताब्यात घेता येतात, आणि कलम ६६ नुसार त्याचा मोबदला द्यावा लागतो. लेखी आदेश मागा. ताबा देताना आणि परत घेताना पंचनामा करून घ्या, फोटो ठेवा.

१०. आषाढीला लाखो लोक पंढरपूरला येतात. त्याची वेगळी तयारी असते का?

असते, आणि माझ्या मते देशातल्या कुठल्याही साथरोगतज्ज्ञानं आपल्या जिल्ह्यात येऊन पाहावी अशी.

ज्ञानोबांची पालखी धर्मपुरीला जिल्ह्यात येते, तुकोबांची अकलूजला. त्याच्या कितीतरी आधी वाटेवरच्या विहिरी, बोअर आणि टँकर भरण्याच्या जागा यांची यादी होते. प्रत्येकाचं पाणी तपासलं जातं. नापास स्रोतावर पाटी लागते, ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडं टीसीएल दिली जाते. हॉटेल आणि फराळाच्या दुकानांतल्या कामगारांची तपासणी होते. मुक्कामाच्या आणि रिंगणाच्या गावी तात्पुरते दवाखाने, वाखरी, गोपाळपूर आणि पंढरपूरचा ६५ एकर तळ इथं मोठी शिबिरं. त्या प्रत्येक दवाखान्यातून रोज संध्याकाळी जुलाब किती, ताप किती, हे आकडे वर जातात. एखाद्या मुक्कामावर आकडा नेहमीपेक्षा चढला तर पुढचा मुक्काम गाठायच्या आत पाणी बदलायचं असतं. हातात एक रात्र असते.

वारीत पटकी पसरण्याचा धोका जुना. तिची लक्षणं काही तासांपासून पाच दिवसांत दिसतात. म्हणजे एकादशीला पंढरपुरात लागण झालेला माणूस आजारी पडतो तो आपल्या गावी, नांदेडला किंवा बुलढाण्याला पोचल्यावर. म्हणून द्वादशीनंतरचा आठवडा इतर जिल्ह्यांसाठी महत्त्वाचा. परतलेल्या वारकऱ्याला जुलाब झाले तर डॉक्टरांनी ‘वारीला गेला होतात का?’ एवढं विचारावं.

२०२० आणि २०२१ मध्ये पादुका एसटीनं पंढरपूरला आल्या. ते पाहताना डोळे भरून आले होते. पण त्या निर्णयात वारकरी संप्रदायाच्या मंडळींनी जे समंजसपण दाखवलं, त्यानं प्रशासनाचं निम्मं काम सोपं केलं.

११. शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं, म्हणून पिंपं भरून ठेवतो. तुम्ही म्हणता कोरडा दिवस पाळा, आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करून कोरडी करा. मग प्यायचं काय?

तुमचा राग रास्त आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यातच अंडी घालतो, आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. पाणी फेकायला कोणी सांगत नाही. पिंपाला घट्ट झाकण, नाहीतर जुन्या साडीचं कापड बांधा. नवं पाणी येण्याआधी पिंप रिकामं होतं तेव्हा आतून घासून काढा, कारण अंडी काठाला चिकटतात आणि कोरड्यातही महिनोन्‌महिने टिकतात. हौदात गप्पी मासे सोडा.

महामारीच्या तयारीशी याचा संबंध थेट आहे. डेंग्यूसाठी घरोघर कंटेनर तपासणारी हीच माणसं उद्या नव्या रोगासाठी घरोघर फिरणार असतात. नवीन पथक आभाळातून पडत नाही. पाणीपुरवठा सुधारणं हीसुद्धा साथीचीच तयारी, आणि ती आरोग्य खात्याच्या हातात नाही, म्हणून नागरिकांनी तिच्याबद्दल नगरसेवकांना विचारत राहावं.

१२. तळ्याकाठी कावळे मरून पडलेले दिसले, किंवा पोल्ट्रीत कोंबड्या पटापट मरायला लागल्या, तर?

हात लावू नका, पोरांना आणि कुत्र्यांना लांब ठेवा, पशुसंवर्धन विभागाला किंवा १९६२ या क्रमांकावर कळवा. नमुने भोपाळच्या राष्ट्रीय अतिसुरक्षा पशुरोग संस्थेत जातात. भारतात पहिला बर्ड फ्लू २००६ मध्ये नवापूरला सापडला, आपल्याच राज्यात. रोग पक्का झाला तर पशुसंवर्धन विभाग कोंबड्या नष्ट करतो आणि मालकाला ठरलेली भरपाई देतो. भरपाई बुडेल या भीतीनं मेलेल्या कोंबड्या गुपचूप विकणं सगळ्यात घातक. नीट शिजवलेलं चिकन आणि अंडी खायला हरकत नाही.

माणूस आणि जनावर यांचे रोग एकत्र पाहायचे, याला आता सरकारी पातळीवर ‘वन हेल्थ’ म्हणतात. त्यासाठीच्या राष्ट्रीय संस्थेची पायाभरणी डिसेंबर २०२२ मध्ये नागपूरला झाली.

१३. लम्पी माणसाला होतो का?

नाही. दूध उकळून निर्धास्त प्या. गोठ्यातल्या माशा-गोचीड यांचा बंदोबस्त मात्र करा.

१४. आमचं गाव कर्नाटकात, पण दवाखाना सोलापूरचा. साथ आली तर आमची नोंद कुठं होणार?

विजयपूर आणि कलबुर्गीकडून रोज माणसं इथं येतात, त्यामुळं हा प्रश्न अक्कलकोट आणि दक्षिण सोलापुरात नेहमी येतो. तपासणी जिथं झाली ते रुग्णालय नोंद करतं. पत्ता तुमच्या गावाचा लागतो, आणि माहिती तुमच्या जिल्ह्याकडं पाठवली जाते, कारण घरच्यांची तपासणी आणि पाण्याचा शोध तिथं व्हायचा असतो. म्हणून पत्ता खरा सांगा. नातेवाइकाचा सोलापूरचा पत्ता दिला तर पथक चुकीच्या दारात जातं.

देशातला पहिला कोविड मृत्यू मार्च २०२० मध्ये कलबुर्गीलाच नोंदला गेला. आपल्या दारापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर. रोग राज्याची पाटी वाचत नाही. तशीच सूचनाही एकाच भाषेत वाचली जात नाही: पूर्व भागात तेलुगू, अक्कलकोटकडं कन्नड, काही मोहल्ल्यांत उर्दू. पत्रक चारही भाषांत निघालं पाहिजे, आणि लाउडस्पीकरवर त्या भाषेत बोलणारं माणूस त्याच वस्तीतलं असलं पाहिजे.

१५. खासगी डॉक्टरांनी कळवलंच पाहिजे असा नियम आहे का?

काही रोगांसाठी आहे. क्षयरोगाची नोंद २०१२ पासून प्रत्येक खासगी डॉक्टर, रुग्णालय आणि लॅबला बंधनकारक आहे. साथरोग कायदा लागू असताना राज्याच्या नियमांप्रमाणे त्या साथीचे रुग्णही कळवावे लागतात. एरवी पुष्कळ काही डॉक्टरांच्या सवयीवर अवलंबून राहतं, आणि साखळीतलं सगळ्यात मोठं भोक मला इथंच दिसत आलं. आपल्याकडं तापाचा पहिला रुग्ण बहुतेक वेळा खासगी दवाखान्यातच जातो. आठवड्यातून एक फोन केला तरी पुरेल, असं मी अनेक डॉक्टरांना सांगायचो. ज्यांनी केला त्यांच्या भागातली साथ आम्हाला लवकर सापडली.

१६. कळवलं तर माझं नाव गावभर होईल. काम जाईल. मग कशाला सांगू?

विडी वळणाऱ्या एका ताईंनी हे मला विचारलं, आणि यावर मी पटकन उत्तर देऊ शकलो नाही. लाइन लिस्टमधलं नाव उपचारासाठी आणि शोधासाठी असतं, जाहीर करायला नसतं. पण २०२० मध्ये रुग्णांच्या याद्या व्हॉट्सअॅपवर फिरल्या, घरांना पत्रे ठोकले गेले, बरं होऊन आलेल्या माणसाला कारखान्यात बसू दिलं नाही. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्या भीतीनं लोक ताप लपवून घरी बसले आणि शेवटी श्वास लागल्यावर दवाखान्यात आले.

म्हणून तुमची यादी कोणी फोडली तर तक्रार करा: शहरात महापालिका आयुक्तांकडं, गावात जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडं, लेखी. आणि यादी तुमच्या फोनवर आली तर पुढं पाठवू नका. आपत्तीबद्दल खोटी, घबराट पसरवणारी बातमी फिरवणं आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ५४ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैदेचा गुन्हा आहे, तेही ध्यानात असू द्या.

१७. कोविडनंतर सरकारनं नवीन काय उभं केलं?

ऑक्टोबर २०२१ मध्ये प्रधानमंत्री आयुष्मान भारत आरोग्य पायाभूत सुविधा अभियान सुरू झालं, ६४,१८० कोटींचं. त्यातून जिल्ह्यांना एकात्मिक सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा, अतिदक्षता विभागाच्या वेगळ्या इमारती आणि तालुका पातळीवर सार्वजनिक आरोग्य पथकं मिळायची आहेत. विषाणूचं जनुकीय रूप बदलतंय का, हे पाहणारं प्रयोगशाळांचं जाळं डिसेंबर २०२० मध्ये उभं राहिलं. आपल्या वैशंपायन कॉलेजात कोविडची तपासणी सुरू झाल्यावर पुण्याच्या निकालाची वाट पाहणं संपलं, हा सोलापूरचा सगळ्यात मोठा फायदा.

ऑक्सिजन प्रकल्प आणि व्हेंटिलेटर यांची रंगीत तालीम देशभर डिसेंबर २०२२ आणि एप्रिल २०२३ मध्ये झाली. यंत्र बसवणं सोपं असतं. ते चालवणारा तंत्रज्ञ, दुरुस्तीचा करार आणि डिझेलचा खर्च दरवर्षी लागतो. तुमच्या भागातल्या रुग्णालयात प्रकल्प सुरू आहे का, हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. विचारा.

१८. इतर देशांत फक्त महामारीसाठी वेगळी संस्था असते ना?

काही ठिकाणी. अमेरिकेत २००६ पासून लशी-औषधांच्या आगाऊ विकासाला पैसा देणारी एक संस्था आहे, बार्डा. आफ्रिकेनं २०१७ मध्ये खंडाचं स्वतःचं रोग नियंत्रण केंद्र काढलं. ब्रिटननं आणि युरोपीय संघानं २०२१ मध्ये नव्या यंत्रणा उभ्या केल्या. आपल्याकडं काम वाटलेलं आहे, प्रश्न २ आणि ३ पाहा. वेगळी संस्था काढली तरी आशाताईंचं मानधन वेळेवर मिळालं नाही तर खालची कडी तुटतेच.

१९. पुढच्या वेळी लस किती दिवसांत येईल?

कोविडच्या विषाणूची जनुकीय रचना जानेवारी २०२० मध्ये जाहीर झाली आणि पहिल्या लशीला मान्यता मिळायला ३२६ दिवस लागले. आता जगानं १०० दिवसांचं लक्ष्य ठेवलंय. आपल्याकडं लसीकरण १६ जानेवारी २०२१ ला सुरू झालं. दोन्ही लशींशी पुण्याचा संबंध: कोविशील्ड तिथं बनली, कोव्हॅक्सिनसाठीचा विषाणू एनआयव्हीनं दिला. लस आली तरी ती दोन ते आठ अंश तापमानात गावापर्यंत पोचवणारी शीतसाखळी आधीच हवी, आणि ती आपल्याकडं बाळांच्या लसीकरणामुळं आहे.

२०. कोविडमध्ये मृताच्या वारसाला ५० हजार मिळाले. पुढच्या साथीतही मिळतील का?

आपोआप नाही. केंद्रानं १४ मार्च २०२० ला कोविडला मदतनिधीपुरती ‘अधिसूचित आपत्ती’ मानलं, पुढं जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला, तेव्हा कुठं रक्कम ठरली. नव्या साथीसाठी वेगळा निर्णय लागेल. एक गोष्ट मात्र तुमच्या हातात: तपासणीचा अहवाल आणि मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र जपून ठेवा. कित्येक घरांत माणूस गेला आणि अहवालच नव्हता.

२१. मी निवृत्त नर्स आहे. पुढच्या वेळी कामाला यायची इच्छा आहे. नाव कुठं द्यायचं?

नोंदणीचं नूतनीकरण करून ठेवा, ते सगळ्यात आधी. मग जवळच्या नागरी आरोग्य केंद्रात किंवा तालुका आरोग्य कार्यालयात आत्ताच नाव आणि फोन देऊन ठेवा. कोविडमध्ये महापालिका आणि जिल्हा परिषदेनं कंत्राटी भरती केली तेव्हा ओळखीची, भागाची माहिती असलेली माणसं पटकन मिळाली नव्हती. नर्स नसलेल्यांनी जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षात ‘आपदा मित्र’ प्रशिक्षणाची चौकशी करावी. तुम्हाला तेलुगू किंवा कन्नड येत असेल तर अर्जात तेही लिहा.